एका पुस्तकाचे प्राध्यापक

१९६२ च्या जानेवारीत ॲडिसन-वेस्ली या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने एका चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्याकडे पुस्तक मागितलं. डोनाल्ड कनूथ तेव्हा कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमध्ये गणितात पीएच.डी. करत होते. लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या आकड्यांत उतरवणारे प्रोग्राम, म्हणजे कंपायलर, लिहिण्यात मात्र त्यांचा हात चांगला बसला होता. तेव्हा विषयही तोच ठरला. कनूथ यांनी बारा प्रकरणांची नावं कागदावर उतरवली आणि कामाला लागले.

ते पुस्तक अजून पुरं व्हायचं आहे.

‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ हे त्याचं नाव. पहिला खंड १९६८ साली आला, दुसरा १९६९ साली, तिसरा १९७३ साली. चौथ्या खंडाचा ‘ए’ भाग यायला २०११ साल उजाडलं आणि ‘बी’ भागाला २०२२. ज्या कंपायलरसाठी हे सगळं सुरू झालं, तो विषय योजनेप्रमाणे सातव्या खंडात आहे. कनूथ यांचा जन्म १० जानेवारी १९३८ चा. पुढचा हिशेब वाचकांनीच करावा.

एखाद्या लेखकाचं पुस्तक रखडलं की आपण आळस, आजारपण नाहीतर संसार अशी कारणं शोधतो. इथे यातलं काहीच लागू नाही. हा माणूस साठ वर्षं रोज काम करतो आहे, आणि पुस्तक रखडलं ते त्याने वाटेत केलेल्या इतर कामांमुळे. त्यातलं एक काम असं, की जगातल्या बहुतेक गणितज्ञांचं लेखन आज त्यावाचून अडेल.

मिल्वॉकी हे त्यांचं गाव. वडील लुथरन पंथाच्या शाळेत हिशेबलेखन शिकवायचे आणि जोडीला छोटा छपाईचा धंदा करायचे. मुलगा आठवीत असताना ‘झीगलर्स जायंट बार’ या चॉकलेटच्या कंपनीने स्पर्धा काढली. या तीन शब्दांतली अक्षरं वापरून जास्तीत जास्त शब्द करायचे. पोरगा पोटदुखीचं निमित्त करून दोन आठवडे घरी बसला आणि जाडजूड शब्दकोश घेऊन त्याने शब्द काढले साडेचार हजार. परीक्षकांच्या स्वतःच्या यादीत होते अडीच हजार. शाळेला टीव्ही मिळाला, वर्गाला चॉकलेटं मिळाली. पुढच्या आयुष्यातला हट्ट इथेच दिसतो: यादी करायची तर ती पुरी करायची, परीक्षक कुठे थांबले ते बघायचं नाही.

पहिलं छापील लेखन झळकलं तेही ‘मॅड’ या विनोदी मासिकात, जून १९५७ च्या अंकात. ‘पोट्रझेबी’ नावाची मापनपद्धती त्यात मांडली होती आणि तिचं मूळ एकक होतं ‘मॅड’च्या सव्विसाव्या अंकाची जाडी. मानधन पंचवीस डॉलर. कनूथ ही नोंद आजही आपल्या शोधनिबंधांच्या यादीत पहिल्या जागी ठेवतात.

क्लीव्हलंडच्या केस इन्स्टिट्यूटमध्ये ते १९५६ साली गेले ते भौतिकशास्त्र शिकायला. तिथे आयबीएम ६५० नावाचं यंत्र होतं. स्मृती म्हणजे एक फिरतं पिंप, त्यावर दहा आकडी संख्यांसाठी जागा फक्त दोन हजार. रात्री विद्यार्थ्यांना ते मोकळं मिळायचं. सोबतच्या पुस्तिकेतला नमुन्याचा प्रोग्राम वाचून या पोराला वाटलं, यापेक्षा चांगला तर मीच लिहीन. मग त्याने कॉलेजच्या बास्केटबॉल संघासाठी प्रोग्राम लिहिला. नुसते गुण न मोजता चेंडू हिसकावणं, गमावणं, पास देणं हे सगळं धरून प्रत्येक खेळाडूची किंमत काढणारा. संघ लीग जिंकला, ‘न्यूजवीक’ने दखल घेतली, टीव्हीवर बातमी आली. १९६० साली पदवी देताना केसच्या प्राध्यापकांनी त्याच समारंभात एम.एस.ही बहाल केली, इतकं त्याचं काम पुढे गेलेलं होतं. पुढे आपल्या ग्रंथाचा पहिला खंड कनूथ यांनी अर्पण केला तो कुणा गुरूला किंवा पत्नीला नव्हे, त्या आयबीएम ६५० ला.

कॅलटेकला असताना फावल्या वेळात ते कंपन्यांसाठी कंपायलर लिहायचे. बरोज कंपनीसाठी साडेपाच हजार डॉलरला एक लिहून दिला. असल्याच कामाच्या धबडग्यात त्यांना एक छोटा प्रश्न भेटला आणि त्यातून एक शाखा उभी राहिली. प्रश्न साठवणीचा होता. प्रत्येक नावाला एका सूत्राने टेबलातली जागा ठरवून द्यायची, आणि ती भरलेली असेल तर पुढची पहिली रिकामी जागा घ्यायची. नाट्यगृहात आपल्या खुर्चीवर कुणी बसलेलं दिसलं की आपण शेजारच्या खुर्चीकडे सरकतो तसं. सगळे प्रोग्रामर ही युक्ती वापरत होते. पण ती नेमकी किती चांगली, हे गणिताने कुणी काढलेलं नव्हतं. कनूथ यांनी काढलं. त्यांच्या टिपणावर जुलै १९६३ ची तारीख आहे. टेबल निम्मं भरलेलं असेल तर नसलेलं नाव ‘नाही’ ठरवायला सरासरी अडीच ठिकाणी पाहावं लागतं. नव्वद टक्के भरलं की हाच आकडा साडेपन्नासवर जातो. म्हणजे टेबल भरत आलं की युक्ती एकदम कोसळते, हळूहळू नाही.

आज इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला हे शिकवतात आणि मुलं ते पाठ करून परीक्षेत उतरवतात. १९६३ मध्ये ही दृष्टीच नवी होती. प्रोग्राम चालतो की नाही एवढंच तोवर बघितलं जायचं. तो किती पावलांत चालतो हे कागदावर सिद्ध करता येतं, आणि त्या सिद्धतेत अस्सल गणित आहे, हे कनूथ यांनी दाखवलं. या शाखेला ‘अल्गोरिदमचं विश्लेषण’ हे नावही त्यांनीच रूढ केलं.

१९६५ च्या जूनमध्ये हस्तलिखित तयार झालं तेव्हा ते तीन हजार पानांचं होतं. कनूथ यांचा अंदाज, हाताने लिहिलेली पाच पानं म्हणजे छापील एक. प्रकाशकाने हिशेब दाखवला तेव्हा दीड पानालाच एक छापील पान भरत होतं. म्हणजे एकूण दोन हजार पानं! मग सात खंडांची योजना झाली. एकीकडे शिकवणं, एकीकडे संशोधन, घरात दोन लहान मुलं आणि वर हे लेखन. १९६७ च्या उन्हाळ्यात पोटात अल्सर होऊन ते आजारी पडले. त्या आजारपणानंतर त्यांनी कामाचे तास आखून घेतले असं सांगतात. पानांची संख्या मात्र आखली गेली नाही.

ग्रंथ कोरडा असेल असं वाटत असेल तर तसं नाही. उदाहरणांसाठी कनूथ यांनी ‘मिक्स’ नावाचा काल्पनिक संगणक कल्पिला. त्या काळच्या सोळा यंत्रांचे क्रमांक घेऊन सरासरी काढली तर येते १००९, आणि रोमन आकड्यांत १००९ लिहिलं की होतं ‘मिक्स’. प्रत्येक गणिताला शून्यापासून पन्नासपर्यंत अवघडपणाचे गुण दिलेले आहेत. शून्य म्हणजे बघताक्षणी सुटणारं आणि पन्नास म्हणजे अजून जगात कुणाला न सुटलेलं. फर्माचा शेवटचा सिद्धांत पहिल्या आवृत्तीत सरावाचं गणित म्हणून दिला होता, गुण पन्नास. अँड्र्यू वाइल्स यांनी तो सोडवल्यावर १९९७ च्या आवृत्तीत गुण कमी करून पंचेचाळीस केले. प्राध्यापकी विनोदाचा याहून सरस नमुना आमच्या तरी पाहण्यात नाही.

ही उदाहरणं यंत्रभाषेच्या जवळच्या भाषेत लिहिण्याचा हट्ट मात्र अनेकांना जाचला. लोकांची तक्रार पन्नास वर्षं चालू आहे. कनूथ यांनी १९९९ मध्ये ‘मिक्स’च्या जागी ‘एमएमिक्स’ आणला, पण पातळी तीच ठेवली. यंत्र आतून कसं चालतं ते कळल्याशिवाय वेग कळत नाही, हे त्यांचं म्हणणं. ते बरोबर असेलही. पण त्यामुळे पुस्तक विकत घेणारे फार आणि सलग वाचणारे थोडे, ही वस्तुस्थिती काही बदलत नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठात ते रुजू झाले, आणि १९७४ साली छत्तिसाव्या वर्षी त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. इतक्या तरुणपणी तो कुणाला मिळाला नव्हता. दरम्यान सुट्टीचं एक वर्ष नॉर्वेत काढताना ऑस्लोतल्या एका हॉटेलात आठवडाभर खोली घेऊन त्यांनी एक कादंबरीही लिहून टाकली. जॉन कॉनवे या गणितज्ञाने जेवताना सांगितलेल्या संख्यांच्या नव्या कल्पनेवर, एका निर्जन किनाऱ्यावरच्या जोडप्याच्या संवादांतून. ‘सरियल नंबर्स’ हे तिचं नाव, आणि त्या संख्यांनाही पुढे तेच नाव पडलं.

मग आला १९७७ चा मार्च.

दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती छापायची होती. पहिली आवृत्ती खिळे जुळवून, मोनोटाइपवर झालेली. आता ते तंत्र महाग पडू लागलं होतं, म्हणून प्रकाशकाने फोटोटाइपसेटिंगवर मजकूर जुळवून गॅली प्रुफं पाठवली. ती पाहून कनूथ यांचं मन विटलं. अक्षरांची अंतरं विस्कटलेली, गणिती चिन्हं ओबडधोबड. वडिलांच्या छपाईच्या धंद्यात वाढलेल्या मुलाला हे पाहवणारं नव्हतं. त्याच सुमारास त्यांनी डिजिटल यंत्रावर जुळवलेल्या दुसऱ्या एका पुस्तकाची प्रुफं पाहिली होती, आणि ती सुरेख होती. डिजिटल छपाई म्हणजे कागदावर कुठे शाई आहे आणि कुठे नाही, एवढंच. म्हणजे शून्य आणि एक. शून्य आणि एक तर आपला धंदाच! तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून जुळारी प्रोग्राम लिहायचा, असं ठरलं. लवकर उरकेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात दशक गेलं.

त्या प्रोग्रामचं नाव ‘टेक’. तो काय करतो ते एका परिच्छेदावर पाहता येईल. छापखान्यातला जुळारी ओळीमागून ओळ जुळवतो. ओळ अडली की शब्दांमधली जागा वाढवायची किंवा शब्द तोडायचा, आणि पुढे जायचं. दोन ओळींनंतर आणखी वाईट अडचण येणार आहे हे त्याला आधी कळत नाही. टेक अख्खा परिच्छेद एकदम पाहतो. ओळ कुठे तोडली तर ती किती विरळ किंवा किती दाटलेली दिसेल याला तो आकडा देतो. त्या आकड्याला नाव आहे ‘बॅडनेस’. ओळीचा शेवट शब्द तोडून होत असेल तर वेगळा दंड. मग शक्य असलेल्या सगळ्या मांडण्यांतून जिचा एकूण दंड सर्वांत कमी, ती मांडणी निवडायची. सातव्या ओळीचं भलं व्हावं म्हणून दुसरी ओळ किंचित सैल सोडण्याचा शहाणपणा यंत्राला त्यामुळे येतो. मायकेल प्लास या विद्यार्थ्याबरोबर केलेलं हे काम १९८१ मध्ये प्रसिद्ध झालं.

नुसता जुळारी असून भागत नाही, खिळेही हवेत. ते करण्यासाठी ‘मेटाफॉन्ट’ हा दुसरा प्रोग्राम आला. त्यात अक्षराचं चित्र काढायचं नसतं. लेखणी कुठून कुठे आणि कशी फिरते ते समीकरणांत सांगायचं असतं. साठाहून अधिक मापं बदलली की तेच अक्षर ठळक होतं, अरुंद होतं, तिरकं होतं. इंग्रजी वर्णमालेतली पंचवीस अक्षरं वळली, पण ‘एस’ काही केल्या जमेना. त्याच्या मधल्या वळणाचं समीकरण जुळेना. कनूथ दिवसच्या दिवस त्यातच. पत्नी जिल यांनी चौकशी केली, आणि मग सुचवलं की ‘एस’च्या आकाराचा का नाही काढत! अखेर कनूथ यांनी त्या एका अक्षरावर स्वतंत्र लेख लिहिला, तो १९८० साली गणिताच्या नियतकालिकात छापूनही आला.

एवढं करून १९८१ साल घातलेली दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती हातात आली, आणि कनूथ पुन्हा हिरमुसले. काही आकड्यांची वळणं डोळ्याला खुपत होती. मग हर्मान झाफ, चार्ल्स बिगेलो अशा अक्षररचनाकारांकडून शिकणं आलं, सगळी अक्षरं पुन्हा घडवणं आलं. १९८६ मध्ये या सगळ्या उपद्व्यापाचे पाच खंड निघाले. त्यातल्या दोन खंडांत टेक आणि मेटाफॉन्ट यांचे अख्खे प्रोग्राम, ओळ न ओळ, निबंधासारखे वाचता येतील असे छापलेले आहेत. प्रोग्राम यंत्रासाठी नंतर, आधी माणसाला वाचण्यासाठी लिहावा, हा त्यांचा आग्रह.

टेक त्यांनी फुकट देऊन टाकला. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर ‘लाटेक’ रचला, आणि आज गणित किंवा सैद्धांतिक भौतिकशास्त्रातला प्रबंध बहुधा त्यातच जुळवलेला असतो, मग तो प्रिन्स्टनचा असो की पवईचा. देवनागरीची वाटही यातूनच निघाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिवारातले पीयूष घोष यांचा भारतीय लिप्यांच्या अक्षररचनेवरचा अहवाल १९८३ मध्ये स्टॅनफर्डहून निघाला. १९९१ मध्ये हॉलंडच्या फ्रान्स वेल्थुइस यांनी मेटाफॉन्टमध्ये देवनागरी खिळे घडवले. युनिकोड घरोघर पोचण्याआधी संस्कृत आणि हिंदी-मराठी मजकूर नीट जोडाक्षरांसह छापायला अनेक अभ्यासकांना त्याचाच आधार होता.

टेकच्या आवृत्तीचा क्रमांक पायच्या किमतीकडे सरकत जातो. प्रत्येक दुरुस्तीगणिक दशांशापुढचा एक आकडा वाढतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो ३.१४१५९२६५३ झाला. आपल्यामागे क्रमांक थेट पाय करावा आणि त्यानंतर उरलेल्या चुका चुका न मानता प्रोग्रामचे गुणधर्म समजाव्यात, अशी त्यांनी व्यवस्था लावून ठेवली आहे.

चुकांचा विषय निघाला म्हणून चेकबद्दल सांगायला हवं. पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला कनूथ २.५६ डॉलरचा चेक पाठवत. सोळाच्या पटीत मोजणाऱ्या जगात २५६ सेंट म्हणजे गोल ‘शंभर’, म्हणून ही रक्कम. टेकमधल्या चुकीचं बक्षीस दरवर्षी दुप्पट होत ३२७.६८ डॉलरपर्यंत गेलं. बहुतेक लोक चेक वटवत नसत, चौकट करून भिंतीवर लावत. पुढे चेकवरचा खाते क्रमांक पाहून पैसे उडवण्याचे प्रकार होऊ लागले, तेव्हा २००८ पासून कनूथ ‘बँक ऑफ सान सेरीफ’ या अस्तित्वात नसलेल्या बँकेचं प्रमाणपत्र पाठवू लागले. सान सेरीफ हा ‘गार्डियन’ दैनिकाने १९७७ च्या एप्रिल फूलला शोधलेला देश. छापखान्याशी संबंध असलेल्यांना त्या नावातली मेख कळेल. लोक अजूनही त्या प्रमाणपत्रासाठी धडपडतात.

शिक्षक म्हणून त्यांच्या हाताखाली अठ्ठावीस जणांनी पीएच.डी. केली. रॉबर्ट सेजविक, व्हॉन प्रॅट, लिओनिदास गिबास ही त्यातली काही नावं. ‘काँक्रीट मॅथेमॅटिक्स’ हे कनूथ आणि आणखी दोघांनी मिळून वर्गातल्या टिपणांतून केलेलं पुस्तक आहे. त्याच्या समासात विद्यार्थ्यांचे शेरे छापलेले आहेत, त्यात टोमणेही आहेत, आणि ते काढावेत असं तिन्ही लेखकांना वाटलं नाही. अभ्यासक्रमाच्या पुस्तकाचा समास इतका जिवंत क्वचितच दिसतो.

१ जानेवारी १९९० ला त्यांनी ई-मेल बंद केली. पंधरा वर्षं वापरली, आयुष्याला पुरे झाली, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी स्टॅनफर्डने त्यांना ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगचे प्राध्यापक’ असा हुद्दा दिला. पुस्तकाच्या नावाचा हुद्दा, आणि तोही पुस्तक अपुरं असताना. १९९३ मध्ये निवृत्त झाले ते ते पुस्तक पुरं करायला. घरी पाइप ऑर्गन आहे, तो ते वाजवतात. ऐंशीव्या वाढदिवशी स्वीडनमध्ये त्यांची स्वतःची दीर्घ ऑर्गनरचना पहिल्यांदा सादर झाली. २०२३ मध्ये चॅटजीपीटीचा बोलबाला झाला तेव्हा एका विद्यार्थ्याकडून त्याला वीस प्रश्न विचारून घेतले, उत्तरांवर शेरे मारले, आणि हे काम इतरांवर सोपवून आपण आपल्या खंडाकडे वळले.

तिसऱ्या खंडापासून चौथ्याच्या पहिल्या भागापर्यंत अडतीस वर्षं गेली. त्यातलं एक दशक टेकचं. उरलेल्या वर्षांत मूळ विषयच अफाट वाढला. चौथ्या खंडाचा विषय आहे ‘सगळ्या शक्यता कशा मोजाव्या आणि कशा मांडाव्या’. या विषयाचा इतिहास लिहायला कनूथ बसले आणि थेट आपल्या अंगणात आले.

पहिल्या खंडातच त्यांनी नोंदवलं होतं, की फिबोनाचीच्या आधी बाराव्या शतकात हेमचंद्राला हे आकडे माहीत होते, तेही छंदांमुळे. लघू म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन. चार मात्रा किती प्रकारे भरतील? चार लघू, एक गुरू आणि दोन लघू, गुरूची जागा तीन ठिकाणी, आणि दोन गुरू. एकूण पाच. पाच मात्रांसाठी आठ, सहासाठी तेरा. चौथ्या खंडात ते पिंगलाचा प्रस्तार, नारायण पंडिताची ‘गणितकौमुदी’ आणि शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ यांच्यापाशी थांबतात.

शार्ङ्गदेव देवगिरीचा. आजोबा काश्मीरहून आलेले, आणि नातू यादव राजा सिंघणाच्या पदरी. ज्ञानेश्वरीच्या काही दशकं आधी त्याने सात स्वरांच्या सगळ्या मांडण्या ओळीने लिहिण्याची रीत सांगितली. त्या मांडण्या भरतात ५०४०. त्यातली अमुक क्रमांकाची मांडणी कोणती, हे यादी न लिहिता काढायचं त्याला म्हणतात ‘नष्ट’. मांडणी दिली असता तिचा क्रमांक काढायचा ते ‘उद्दिष्ट’. दोन्हींसाठी ‘खंडमेरू’ नावाचा आकड्यांचा तक्ता. संगणकशास्त्राचे विद्यार्थी आज हेच दोन प्रश्न इंग्रजी नावांनी सोडवतात.

स्टॅनफर्डच्या प्राध्यापकाने जे संगणकाच्या ग्रंथात घेतलं, ते महाराष्ट्रातल्या संगणक विभागांनी फळ्यावर घ्यायला हरकत नसावी. शेजारच्या संगीत विभागातल्या कुणालाही हाक मारून स्वरप्रस्ताराचा एक तास ठेवता येईल. मूळ ग्रंथासाठी फार लांब जायला नको: मंगेश रामकृष्ण तेलंग यांनी संपादित केलेली ‘संगीतरत्नाकरा’ची आवृत्ती पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७ मध्येच छापलेली आहे.